भाऊजींचा डोंगर

ज्या डोंगरावर आमच्या भाऊजींनी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं, त्या डोंगराची त्यांच्याइतकी खडान्‌खडा माहिती असलेला माणूस अख्ख्या जर्मनीत दुसरा नसेल, आणि खुद्द त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांत तरी असेल की नाही याची मला शंका आहे. आफ्रिकेच्या नकाशात मलावी नावाचा एक चिंचोळा देश आहे, त्याच्या दक्षिण टोकाला चहाच्या मळ्यांतून एकदम उठलेला मुलांजे नावाचा पहाड आहे, आणि त्याच्या सगळ्यांत उंच शिखराला सापित्वा म्हणतात. यातलं काहीही मी शाळेत शिकले नाही. झिंडेलफिंगेनमधल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या दीड खोलीच्या घरात, दर रविवारी दुपारी चार वाजता चिवडा खाता खाता शिकले. कुठल्या वळणावर झरा लागतो, कुठल्या महिन्यात धुकं उतरतं, मुक्कामाच्या लाकडी झोपडीचं दार कुठल्या दिशेला उघडतं, हे मी आजही झोपेत सांगू शकेन. आमच्या पुण्याच्या घरापासून सिंहगडाचा पायथा किती किलोमीटर आहे, ते मात्र मला अजून माहीत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे, निखिलचे, थोरले मामेभाऊ. मूळचे मिरजेचे. पंचविशीत शिकायला म्हणून जर्मनीत आले आणि मग एका मोठ्या मोटार कारखान्यात लागले ते लागलेच. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारी माणसं एकेक करून वारली, त्यामुळे तो प्रश्नही मागे पडला. कारखान्यात त्यांचं काम पाण्याचं. तयार झालेली नवी कोरी गाडी एका बंद खोलीत उभी करून तिच्यावर चहूबाजूंनी पाण्याचे फवारे सोडायचे, आणि मग आत बसून, दारांच्या रबरांवरून आणि पायाखालच्या गालिच्यावरून हात फिरवत कुठे ओल आली आहे का ते शोधायचं. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणसाची नजर बदलते. जगातल्या कुठल्याही वस्तूकडे बघून त्यांच्या मनात पहिला प्रश्न येई तो असा, की यात पाणी कुठून शिरेल. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी कुकरची शिट्टी आणि रिंग तपासली, आमच्या वर्षाच्या लेकीची, सईची, दुधाची बाटली पाण्याने भरून उलटी धरली, आणि माझ्या नव्या हिवाळी कोटाची शिवण बोटाने चाचपून फार हळुवार आवाजात म्हणाले, "आल्झो, हा चाळीस मिनिटांवर टिकणार नाही." त्यांचं प्रत्येक वाक्य आल्झोने सुरू होई. 'तर' म्हणावं, तसा हा जर्मन शब्द ते मराठीत पेरत.

डोंगराच्या तयारीत ही नजर पूर्ण बहराला आली होती. मुलांजेवर धुक्यासोबत येणारी बारीक झड दिवसदिवस थांबत नाही, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून त्यांनी नवीन रेनकोट, पाठीवरची सॅक, बूट, डोक्यावर टोपी असा सगळा जामानिमा केला, प्रत्येक खिशात वर्तमानपत्राचा घडी केलेला कोरडा कागद ठेवला, आणि घड्याळ लावून शॉवरखाली उभे राहिले. खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या जर्मन बाई राहत. वर इतका वेळ पाणी वाहतंय आणि माणसाचा आवाज नाही, म्हणजे हा एकटा माणूस बाथरूममध्ये पडला असणार, या काळजीने त्या धापा टाकत वर आल्या आणि बेल वाजवत राहिल्या. दार उघडलं तर समोर नखशिखांत निथळणारा एक गिर्यारोहक. त्याने खिशातून कागद काढून त्यांना दाखवला आणि अतिशय समाधानाने सांगितलं, की सगळं कोरडं आहे. त्या दिवसापासून त्या बाई भाऊजींशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या, जसं आजारी माणसाशी बोलतात.

जिने चढण्याचा सरावही याच इमारतीत चाले. पाठीवर चौदा लिटर पाण्याच्या बाटल्या घेऊन तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत, वीस फेऱ्या. पण सराव रविवारी सकाळी, आणि जर्मनीत रविवारी शांतता पाळावी लागते, नाहीतर इमारतीच्या नोटीस बोर्डावर तुमच्या नावाची चिठ्ठी लागते. म्हणून भाऊजी बूट नाडीने गळ्यात अडकवून, नुसत्या मोज्यांवर जिने चढत. बुटांचा सराव वेगळा, घरात. बूट घालून भाजी चिरायची, बूट घालून बातम्या बघायच्या. खाण्याचे प्रयोग आमच्यावर होत. थालीपिठं हीटरवर वाळवून ठेवली की ती किती दिवस टिकतात, याची त्यांनी अख्खा एक हिवाळा परीक्षा घेतली, आणि त्या हिवाळ्यात जिन्यात पाऊल टाकताच भाजणीचा वास येई. नाचणीचे खास उंचीवर खायचे लाडू त्यांनी केले, त्यातल्या पहिल्याच लाडवात सईचा हलणारा दुधाचा दात निघून आला. ती रडायच्या आत भाऊजींनी वही काढली आणि तिला वाचून दाखवत लिहिलं: लाडू, दात पडला, तूप वाढवणे. ती इतकी हसली, की रडायचं राहूनच गेलं.

रविवारच्या या बैठकीला ते बेश्प्रेखुंग म्हणत, ऑफिसातल्या मीटिंगला म्हणतात तसं. आम्ही जर्मनीत आलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात आम्हाला तिचं बोलावणं आलं, आणि पुढे सात वर्षं आम्ही बहुतेक रविवारी तिथे असू. इतरही येत. विद्यापीठात पीएचडी करणारी मुलं, कारखान्यात नव्याने लागलेले इंजिनिअर, कुणाची नवी नवरी. परक्या गावात मराठी बोलायला मिळतं, गरम पोहे मिळतात, म्हणून आलेली माणसं तास दोन तास आफ्रिकेतल्या पाऊलवाटांवर चर्चा करून जात. भाऊजी प्रत्येकाला काम नेमून देत. कुणाकडे औषधं, कुणाकडे दोर, कुणाकडे नकाशा. मग त्या माणसांना म्युनिकला नोकरी लागे, एश्बॉर्नला बदली होई, मूल होई, आणि ती येईनाशी होत. भाऊजी त्यांची नावं वहीतून कधीच काढत नसत. नावापुढे बारीक अक्षरात लिहीत, 'तूर्त अडचण'. मी पाहिलं तेव्हा मोहिमेत एकोणीस माणसं होती, आणि त्यांतल्या सोळा जणांना तूर्त अडचण होती.

ही मोहीम तशी एका रात्रीची. पहिल्या दिवशी चढून झोपडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे शिखर आणि परत. त्याची निदान सात वर्षं तयारी चालली आहे, यात विचित्र काही आहे हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते आलं सईच्या. ती तेव्हा आठ वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. बैठकीहून परत येताना बसमध्ये तिने विचारलं, "वारूम गेट एर निश्ट आइनफाख?" म्हणजे, काका सरळ जात का नाहीत?

निखिलला तो प्रश्न लागला. तो म्हणाला, दादाला सोबत कोणी नाही म्हणून राहिलंय, आपणच करायला हवं होतं. आणि त्याने खरोखरच केलं. त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे येणार होत्या, म्हणजे सईची काळजी नव्हती. भाऊजींचा एक्कावन्नावा वाढदिवस जूनमध्ये. केकच्या शेजारी निखिलने पाकीट ठेवलं. आत तिघांची विमानाची तिकिटं, झोपडीचं आरक्षण, वाटाड्याशी झालेल्या बोलण्याचा कागद. सासूबाई म्हणाल्या, जाऊन ये रे बाबा एकदाचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भाऊजींनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. त्यांना गहिवरून आलं आहे, असं आम्हाला वाटलं.

त्यानंतरचे सहा आठवडे मोठे गमतीचे गेले, असं मी तेव्हा लोकांना सांगत होते. भाऊजींचा गुडघा दुखू लागला, तर त्यांच्याच वहीत गुडघ्याचे व्यायाम पान बारावर निघाले. बुटाचा तळ सुटेल अशी त्यांना भीती वाटू लागली, तर दुरुस्तीचा डिंक त्यांनी चार वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला होता. कारखान्यात रजा मिळणार नाही म्हणाले, तर तिथल्या साहेबाने उलट हात हातात घेऊन अभिनंदन केलं, कारण त्याला हा डोंगर वर्षानुवर्षं तोंडपाठ होता. जी अडचण काढावी तिच्यावरचा उपाय त्यांच्याच अक्षरात लिहिलेला सापडे. स्वतःच्या तयारीने माणसाला इतकं कोंडीत पकडलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. शेवटी एका रविवारी मला राहवलं नाही. आम्ही दोघी-तिघी कपबशा विसळत होतो, ते दाराशी उभे होते. मी जरा चिडूनच म्हटलं, "भाऊजी, खरं सांगा. तुम्हाला जायचंच नाहीये का?"

त्यांनी पुढे येऊन चिवड्याचा डबा उघडला. मग म्हणाले, "जायचंय ना. आल्झो, जायचंच आहे." आणि उरलेला चिवडा डब्यात भरू लागले.

आम्ही गेलो. ब्लांटायर नावाच्या शहरात उतरलो, तिथून मोटारीने चहाच्या मळ्यांमधून पायथ्याशी. वाटाड्या तिशीतला, शांत, हसऱ्या डोळ्यांचा माणूस होता. पहिले दोन तास भाऊजी त्याला पुढची वाट सांगत होते आणि तो अदबीने ऐकून घेत होता. आता डावीकडे लाकडी साकव लागेल, असं भाऊजी म्हणाले तेव्हा तो एवढंच म्हणाला, की लागला असता, पण चार वर्षांपूर्वीच्या वादळात वाहून गेला. सापित्वा या नावाचा अर्थ त्याच्या भाषेत 'तिकडे जाऊ नये' असा सांगतात, हे भाऊजींनी आम्हाला शंभर वेळा ऐकवलं होतं. वाटाड्याने तो अर्थ हसत कबूल केला आणि पुढे चालू लागला. त्यानंतर भाऊजींनी वाट सांगणं सोडून दिलं. चढण सरळ अंगावर येणारी होती. निखिल आणि मी दर वळणावर बसत होतो. भाऊजी एकदाही बसले नाहीत. जिन्याच्या वीस फेऱ्यांचं चीज झालं होतं, आणि ते बोलून दाखवायलाही ते थांबले नाहीत.

झोपडीत पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. झोपडी सांभाळणाऱ्या आजोबांनी चुलाण्यात देवदारासारख्या वासाचं लाकूड पेटवलं, पाणी तापवून दिलं. निखिल पायांना मलम चोळून गादीवर पडला तो घोरूच लागला. मी आणि भाऊजी बाहेरच्या ओट्यावर पेले घेऊन बसलो. खाली सगळ्या मळ्यांवर धुकं साचलं होतं आणि आवाज असा कशाचाच नव्हता. सात वर्षांत आम्ही दोघंच कधी बसलो नव्हतो. भाऊजी माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"मी इकडे नवीन होतो ना, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी कामावरून निघालो की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. दुकानं बंद, रस्ते रिकामे. फोन महाग, आणि फोन करून सांगायचं तरी काय. एका सोमवारी बोलायला गेलो तर आवाजच फुटेना. मग मी रविवारी दुपारी आरशासमोर उभा राहायचो आणि एकदा आल्झो म्हणून बघायचो. चालू आहे ना म्हणून."

मी हसले. मग लक्षात आलं, की ते गंमत सांगत नव्हते.

पुढचं त्यांनी तुकड्या तुकड्यांत सांगितलं. कँटीनमध्ये सुट्टीच्या आधी सगळे एकमेकांना विचारत, कुठे जाणार. भाऊजी दरवर्षी म्हणत, कुठे नाही, आणि विचारणारा पुन्हा आपल्या ताटाकडे वळे. एकदा दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसले असताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांना या डोंगराचं चित्र दिसलं. खाली नाव होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, तर त्यांच्या तोंडून निघून गेलं, की आफ्रिकेत डोंगर चढायला जाणार आहे.

"टेबलावरची सहाच्या सहा माणसं माझ्याकडे वळली," भाऊजी म्हणाले. "कुठला, किती उंच, कोणाबरोबर. जेवणाची सुट्टी संपली तरी विचारत होते. पुढच्या सोमवारी परत विचारणार, म्हणून मला थोडी तयारी करावी लागली. मग त्याच्या पुढच्या सोमवारी अजून थोडी."

चुलाण्यातलं लाकूड आत तडतडत होतं. पेला ओट्यावर ठेवून ते म्हणाले, "नुसतं या म्हटलं की लोक एकदा येतात. काही ठरवायचं असलं की परत येतात. आता इथून गेल्यावर काय म्हणून बोलवायचं, तेच मला सुचत नाहीये."

मी म्हटलं, "भाऊजी, आम्ही असेच येऊ." मला ते अगदी मनापासून म्हणायचं होतं. त्यांनी मान हलवली, लहान मुलाने दिलेला खाऊ मोठ्यांनी घ्यावा तशी, आणि माझा रिकामा पेला हातातून घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी शिखर झालं. शेवटची वाट म्हणजे घरांएवढे खडक, त्यांवर हातापायांनी चढायचं. वर पोचलो तेव्हा धुकं थोडा वेळ फाटलं आणि खालचा सगळा देश दिसला. निखिलने भाऊजींना मिठी मारली, फोटो काढले. भाऊजी एका खडकावर बसले होते, हात मांडीवर ठेवून, एखाद्या सरकारी कचेरीत आपला नंबर पुकारून झाल्यावरही माणूस बसून राहावा तसे. सुंदर आहे, असं ते म्हणाले. वाटाड्याचे त्यांनी दोन्ही हात धरून आभार मानले. उतरताना मी त्यांच्या मागे होते. त्यांचा पाय कुठेही घसरला नाही.

परत आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी अकरा माणसं जमली. फोटो बघायला चाळीस मिनिटं लागली. पोहे झाले, कॉफी झाली. पाच वाजता खोलीत अशी शांतता पसरली, की सगळ्यांना एकदमच घरची कामं आठवली. पुढच्या रविवारी आम्ही तिघं आणि पीएचडी करणारा एक मुलगा. त्याच्या पुढच्या रविवारी सईचा पोहण्याचा वर्ग होता. भाऊजींचा फोन येई, पण तो चौकशीपुरता. बेश्प्रेखुंग हा शब्द त्यांच्या बोलण्यातून गेला. आम्ही असेच जाणार होतो. चार-सहा वेळा गेलोही. पण काही कारण नसलं की जाणं पुढे ढकलता येतं, हे ते आमच्यापेक्षा आधी ओळखून होते. पुढल्या वर्षी निखिलला म्युनिकमध्ये नोकरी लागली आणि आम्ही झिंडेलफिंगेन सोडलं. निघायच्या दिवशी भाऊजींनी आमची सगळी खोकी चिकटपट्टीने बंद करून दिली. त्यांतलं एकही वाटेत उघडलं नाही.

इथे आमच्या खिडकीतून स्वच्छ हवेच्या दिवशी आल्प्स दिसतात. आम्ही आफ्रिकेत जाऊन त्या माणसाचं काय काढून घेतलं, हे मला इथे आल्यावर नीट कळलं. आम्ही ते प्रेमानेच केलं होतं, म्हणून कोणापाशी बोलताही येईना. या मार्चमध्ये मी एक युक्ती केली. भाऊजींना फोन लावला आणि सांगितलं, की आम्हाला इथला एखादा डोंगर चढायचाय, वर मुक्काम करायचाय, पण आम्हाला यातलं काही कळत नाही, तुम्हीच सगळं आखून द्या. माझा आवाज जरा जास्तच उत्साही झाला असावा.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्ही ठरवा. मी येईन."

त्या आवाजात राग नव्हता, थकवाही नव्हता. माझी युक्ती त्यांना कळली होती आणि त्यांनी ती हळूच बाजूला ठेवली होती. मी बरं म्हटलं. फोन ठेवायच्या बेतात होते, तेवढ्यात ते म्हणाले, "आणि काही ठरलं नाही तरी फोन करत जा. काम असायलाच पाहिजे असं नाही."

एवढं साधं वाक्य बोलायला त्यांना सव्वीस वर्षं लागली असतील.

डोंगर आम्ही अजून ठरवलेला नाही. फोन मात्र मी करते, रविवारी दुपारी. हवेचं बोलतो, सईच्या शाळेचं बोलतो, मिरजेच्या कुणाचं तरी लग्न निघतं. मग पाच-सात मिनिटांत विषय संपतात. आधी मला त्याची फार भीती वाटे, मी काहीबाही शोधत राही. आता शोधत नाही. त्यांच्या गल्लीच्या टोकाच्या चर्चची घंटा वाजायला लागते, ती फोनमधून ऐकू येते. भाऊजी म्हणतात, "आहेस ना?" मी म्हणते, आहे. आणि आम्ही दोघंही ती घंटा थांबेपर्यंत तसेच बसून राहतो.